विमान नेमके किती तास उडते?

"अरे, अडीच तासांत अमेरिका? मग एस.टी.ला पुणे गाठायला अख्खा दिवस कशाला लागतो?" आत्याने तिकीट डोळ्यांजवळ नेऊन मला विचारले. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिकिटावर स्पष्ट छापले होते : दिल्लीहून पहाटे ३ वाजता प्रस्थान, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेस पहाटे ५.३० वाजता आगमन.

आत्या साठीची, मधुमेहाची, आणि लेकीच्या बाळंतपणासाठी एकटीच निघालेली. "औषधांच्या वेळा ठरवून देतो, पण विमान किती तास हवेत असते ते आधी सांगा," असे डॉक्टरांनी बजावले होते. घरात भूगोल घेतलेला मी एकटाच. साहजिकच काम माझ्याकडे आले.

मी अ‍ॅटलास उघडला, जगाच्या नकाशावर दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली आणि खाली दिलेल्या प्रमाणाने हिशेब केला. अंतर आले २२,००० किलोमीटर! प्रवासी जेटचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे चोवीस तासांहूनही अधिक. तिकीट म्हणते अडीच, मी म्हणतो चोवीस. दोन्ही खोटे.

तिकिटाचे कोडे सोपे होते. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. अडीच अधिक साडेतेरा, झाले सोळा तास.

माझी चूक मात्र लाजिरवाणी. पृथ्वीचा परीघच सुमारे ४०,००० किलोमीटर. तेव्हा कोणतीही दोन ठिकाणे २०,००० पेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत, एवढेही मला सुचू नये! दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला. तो युरोपकडे वळलाच नाही. दिल्लीहून सरळ उत्तरेला चढला, तिबेट, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर गेला आणि अलास्कावरून कॅलिफोर्नियात उतरला. अंतर अवघे १२,४०० किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवाकडचा भाग ताणला जातो, आणि पट्टीला ते कळत नाही.

मग चौदा तास पुरावेत, सोळा का? कारण विमान दोऱ्यावरून जात नाही. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते; तिबेटची जमीनच त्याहून उंच! म्हणून ते पठार शक्यतो टाळतात. कुठे एखादा देश आपले आकाश बंद करतो. आणि सर्वांत मोठा मामला वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. कधीकधी त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

याचा फायदा एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला अटलांटिकवरून जाणारा मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा, पण वारा समोरून. त्यांनी विमान उलट दिशेला, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास लवकर पोहोचले. लांबच्या वाटेने लवकर! हे मी घरी सांगितले तेव्हा काकांनी माझ्याकडे संशयानेच पाहिले.

डॉक्टरांनी सोळा तास धरून कागद लिहून दिला. आत्याने मनगटावरचे घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोला उतरेपर्यंत बेळगावच्याच वेळेवर ठेवले आणि त्यात बघून गोळ्या घेतल्या.