आपल्याकडे बर्फ का पडत नाही?

बालमित्रांनो, पुस्तकात काश्मीरचा हिमवर्षाव पाहिला, की आमच्या जऊळक्याची मुलं हमखास विचारतात, "सर, आपल्याकडे बर्फ का नाही पडत?"

मी म्हणतो, "पडतो की! पण वाटेतच विरघळतो."

गंमत वाटली ना? दर किलोमीटर वर गेलं, की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. आपल्याकडे चार-पाच किलोमीटर उंचीवर तापमान शून्य अंशावर येतं. त्याच्याही वरच्या ढगांत हिमकण तयार होतात. खालच्या उबदार हवेत ते वितळतात आणि अंगणात पाऊस होऊन पडतात. काश्मीरात हिवाळ्यात जमिनीलगतची हवाही गोठलेली असते, म्हणून तिथे हिम हिमच राहतं.

मग गारा कशा पडतात? वादळी ढगात हवा जोराने वर चढते. ती बर्फाचा दाणा वरच तोलून धरते. त्यावर गार पाण्याचे थर गोठत जातात. दाणा जड झाला, की इतक्या वेगाने कोसळतो, की पुरतं वितळायला वेळच मिळत नाही. मोठी गार फोडून पाहा. आत बरेचदा कांद्यासारखे थर दिसतात.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा आडवा झाला. म्हणून गारा पाहून नाचण्याआधी शेत आठवा, बरं का! वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. आणि वादळ शमलं, की बाबांसोबत शेतात एक चक्कर मारा. तेव्हा त्यांना सोबत हवी असते.