घाम वाळवायचं काम

पहाटे ३:४५
मामा आधी पाण्याच्या बादलीत हात घालतात. रात्री काठोकाठ भरलेली, आता तळाला चार बोटं. म्हणजे घोडी प्यायली. गव्हाणीतली चंदीही संपलेली. एप्रिल आहे, महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यात पहाटेलाही अंगाला बनियन चिकटतं.

मामा सईस, त्यांच्याकडे दोन घोडे. रेसकार्डावर घोडीचं लांबलचक इंग्रजी नाव आहे. मामा तिला बाई म्हणतात. त्यांचं स्वतःचं गाव माण तालुक्यातलं. तिथला उन्हाळा कडक, पण कोरडा. "तिथं घाम दिसतच नाही," म्हणतात.

५:३०
ट्रॅकवरचं काम ऊन चढायच्या आत उरकायचं. संध्याकाळी बाईची शर्यत आहे, तेव्हा तिचे नुसते पाय मोकळे करायचे. दुसरा घोडा मात्र दौडून येतो. मानेवर, मांड्यांमध्ये पांढरा फेस. घोड्याच्या घामातच फेसाळणारं द्रव्य असतं, दाट केसांतून घाम पसरावा म्हणून. कोरड्या हवेत तो वाळतो आणि अंग निवतं. मुंबईत टपटप गळतो. गळलेला घाम फुकट गेला.

६:१५
नळाला पाइप. हाताखालचा पोरगा शेपटीखाली थर्मामीटर लावतो. त्याचा दोरा शेपटीला बांधलेला, नाहीतर थर्मामीटर आत जायची भीती. विश्रांतीत अडतीसच्या आसपास असणारा पारा दौडीनंतर चाळीस ओलांडतो.

मामा छातीवर, मानेवर, मांड्यांवर पाणी सोडतात. तापल्या अंगावर गार पाणी टाकलं की अंग धरतं, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत शास्त्रज्ञांनी हे तपासलं. अगदी गार पाण्यानंही अपाय होत नाही, उलट घोडा लवकर निवतो, असं दिसलं. घोड्यांचे डॉक्टर म्हणतात, थांबू नका, ओतत राहा. मामा ओततात. कमरेशी आले की अजूनही हात आखडतो.

८:३०
खरारा, मालिश, लीद काढणं. मग चहा आणि वडापाव. पुडीतलं मीठ मामा चंदीत मूठभर मिसळतात. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून रक्त खारट होत नाही आणि घोड्याला तहान लागल्याचं कळतच नाही. ती मिठानं लावावी लागते.

दुपारी १२:३०
सगळ्यांत वाईट वेळ. भिंतीवर पंखे, वायर घोड्याच्या दातांपासून लांब. कूलर इथं कामाचा नाही, दमट हवेत आणखी पाणी कशाला? पुण्याच्या उन्हाळ्यात तो शोभतो.

पलीकडच्या ठाणातला घोडा कोरडा आहे, आणि हे कौतुक नव्हे. काही घोड्यांना दमट उष्म्यात घाम येणंच बंद होतं. 'ड्राय कोट' म्हणतात. घाम गळणारा घोडा परवडला, हा नाही. मामा येताजाता बाईच्या काखेत हात घालून बघतात. ओलं आहे. बरं.

मामांच्या खोलीत चौघांना एक पंखा.

३:००
बर्फाची अर्धी लादी येते. पैसे ट्रेनरच्या खात्यावर, टोच्या मात्र मामांचा. त्याची मूठ सैल झाली आहे. गोणपाटात गुंडाळून फोडतात, दोन पिंपांत टाकतात.

४:३०
बाराशे मीटर. सव्वा मिनिटाच्या आत खेळ खलास. स्टँडमधून आरडाओरडा येतो. मामा शर्यत पाहत नाहीत, बादल्या भरत असतात. बाई तिसरी.

ती येते तेव्हा नाकपुड्या फुललेल्या, कुशी भात्यासारख्या हलणाऱ्या. खोगीर उतरतं. बर्फाचं पाणी, बादलीमागून बादली. पोरगा दुसऱ्या अंगानं. मग चार पावलं चालवायची, सावलीत पंख्यापुढे उभी करायची, पुन्हा पाणी. मामांचा शर्ट घोडीइतकाच भिजलेला. वीसेक मिनिटांनी श्वास खाली येतो आणि ती बादलीत तोंड घालते. प्यायला अडवायचं नाही, हेही डॉक्टरांचंच.

मालकांनी पाचशेची नोट दिली. दोनशे पोराला.

रात्री ८:००
पारा साडेअडतीस. पोरगा म्हणतो, "मामा, दुबईला तबेल्यात एसी असतो म्हणे."

"लावू देत की," मामा बादली भरत म्हणतात. "मग माझी वळकटी हितंच."