रिळावरचा जुना दोरा : काढावा कसा, टाकावा कुठे?



उसाला पाणी देऊन झाले की संध्याकाळी गळ घेऊन कालव्यावर किंवा तापीकाठी बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. रिळावरचा नायलॉनचा दोरा, ज्याला कोकणात तंगूस म्हणतात, जुना झाला की तो उपसून तिथेच काठावर टाकला जातो. आम्हीही पूर्वी तेच करीत होतो. पण त्याच काठावर आपली गुरे चरतात आणि त्याच पाण्यात आपल्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह असतो.

पूर्वीची सुताची दोरी कुजून मातीला मिळे. नायलॉन तसा कुजत नाही. उन्हाने तो कमजोर होतो, म्हणून मोठा मासा तोडून जातो. परंतु पाखराचा पाय आवळायला त्याच्यात वर्षानुवर्षे पुरेसे बळ राहते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली. उत्तरायणात त्या मांजाने पक्षी जखमी होतात, हे सुरतकरांना सांगायला नको. गळाचा दोराही त्याच नायलॉनचा.

दोरा बदलण्याची वेळ ओळखणे सोपे आहे. कापसाचा बोळा दोऱ्यावरून फिरवावा. जिथे कापूस अडकेल तिथे दोरा खरचटलेला आहे. रंग पांढुरका झाला, वेटोळी सुटेनाशी झाली, तरी तो उतरवावा.

उतरवताना हाताने ओढू नये, बोट कापते. रिळाची पकड सैल करून दोऱ्याचे टोक लाकडाच्या ठोकळ्याला बांधावे आणि त्यावर गुंडाळत जावे. तळाची गाठ कात्रीने कापावी. खाडीत मासेमारी केली असेल तर रीळ गोड्या पाण्याने पुसून वाळवावे.

आतला दोरा चांगला असेल तर तो वाया घालवू नये. गुरे नसलेल्या मोकळ्या शेतात बाहेरचे टोक खुंटीला बांधून रीळ घेऊन चालत जावे आणि सगळा दोरा पसरावा. वरचा झिजलेला भाग कापून टाकावा. मग खुंटीकडचे टोक रिळाला बांधून गुंडाळावे, म्हणजे न वापरलेली बाजू वर येते.

निकामी दोऱ्याचे काय करावे?

१. जाळू नये. नायलॉनच्या धुरात सायनाइडचा विषारी वायू असतो.

२. पुरू नये. नांगरटीत तो वर येतो आणि रोटाव्हेटरच्या दांड्याला गुंडाळतो.

३. चार-चार बोटांचे तुकडे करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. बाटली भरली की सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्यावी. खेड्यात गाडी येत नसेल तर शहरात जाताना न्यावी.

गुराने दोरा गिळला तर तो पचत नाही. कोटीपोटात त्याचे गोळे होतात, गाय रवंथ सोडते, पोट फुगते. तोंडातून किंवा शेणाच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर तो कदापि ओढू नये. आतडे आतून कापले जाते. गुरांच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवावे.

पुढच्या वेळी गळ घेऊन निघाल तेव्हा पिशवीत एक रिकामी बाटली आणि कात्री टाका. काठावर दुसऱ्याने टाकलेला दोरा दिसला, तर तोही उचला. गाय त्याची असो की आपली, गोठा रिकामा झाला तर दुःख सारखेच.