पेटीच्या पोटात काय भरावे?

घरी सबवूफरची पेटी ठोकून झाली, की एक प्रश्न हटकून पुढे येतो : आतून अस्तर कशाचे लावावयाचे? कोणी फोम सुचवतो, कोणी ग्लासवूल, आणि दुकानदार? तो जे सर्वांत महाग तेच पुढे सरकवतो! मराठीच्या मास्तराने ह्यात नाक का खुपसावे, असे वाचक विचारतील. पण घरातल्या भाच्याचे पैसे दुकानदाराकडे निघाले, की मास्तरालाही हिशेब करावा लागतो.

ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे ५० हर्ट्‌झच्या खर्जाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब. दीड फुटाच्या पेटीत ती घुमणार कोठे? तेथे घुमावयास ३८० हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर हवा, आणि सबवूफरला तर बहुधा ८०-१०० च्या वर चढूच देत नाहीत. तेव्हा इंचभर फोमने खर्ज 'स्वच्छ' होतो, ही समजूत फोल आहे. पेटी ढबढबते ती फळ्या थरथरतात म्हणून. त्यावर उपाय सुताराचा : प्लायवूड जाड घ्यावे आणि समोरासमोरच्या फळ्या आतून आडव्या दांडीने जखडाव्यात.

मग आत काही भरूच नये? तसे नाही. पेटी बंद असेल, तर दाबली गेलेली हवा तापते. ती उष्णता तंतू शोषून घेतात, हवा नरम पडते आणि पेटी आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते. एडगर व्हिल्चर ह्यांनी १९५४ साली अमेरिकेत काढलेल्या एआर-१ ह्या बंद पेटीत काचतंतूच भरलेले होते.

आपल्याकडे उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस उत्तम. स्वस्त आहे, ओल धरीत नाही. साधा कापूस पावसाळ्यात दमटतो व गोळा होऊन बसतो. लोकरीला कसर लागते. ग्लासवूल गुणी खरे, पण अंगाला खाजते, धूळ छातीत जाते. हातमोजे व नाकाला फडके हवेच. थर्मोकोल मात्र अगदी कुचकामाचा, कारण त्यातून हवा खेळतच नाही. पेटीला नळी असेल, तर फक्त भिंतींना पातळ थर द्यावा. नळीचे तोंड मोकळे राहिले पाहिजे.

एक भ्रम मात्र आधीच सोडावा. अस्तर घातले म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आजारी आजोबांना झोप लागेल, असे नाही. खर्ज भिंतीतून व जमिनीतून जातोच. तेथे आवाजाची कळच फिरवावी लागते.

प्रमाण विचाराल, तर लिटरला आठ-दहा ग्रॅम. पन्नास लिटरच्या पेटीस अर्धा किलो पुष्कळ झाला. कापूस पिंजून सैल भरावा, कोंबू नये. झाकण आधी स्क्रूनेच लावावे, आणि ओळखीचा ठेका लावून मूठमूठ काढून-घालून ऐकावे.