तटावरची निष्ठा

इटलीत तटाच्या चर्येवरून शहराचा पक्ष कळतो असं सांगतात. आपल्याकडे दरवाजावरच्या शरभाकडे, म्हणजे सिंहासारख्या कल्पित श्वापदाकडे, बोट दाखवून राजवट ओळखतात. परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचा इतिहास या दोन्ही समजुतींना चांगलाच टेकू देतो आणि धक्काही.

पाथरी म्हटलं की आज साईबाबांच्या जन्मस्थानावरून २०२० मध्ये पेटलेला वाद आठवतो. पाचशे वर्षांपूर्वीही पाथरीवरून भांडण झालं होतं आणि तेही पूर्वजांच्या गावाचंच होतं. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असं फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्या कुळातला एक मुलगा विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने बहमनी दरबारात मोठ्या पदाला चढला. त्याच्या मुलाने, मलिक अहमदने, १४९० मध्ये स्वतंत्र गादी उभी केली. नातू बुऱ्हाण निजामशहा राज्य करू लागला तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुऱ्हाणने ती मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अलाउद्दीन इमादशहाने नकार तर दिलाच, वर पाथरीला किल्ला बांधायला घेतला. सरहद्दीवर किल्ला नको, हा बुऱ्हाणचा निषेध त्याने कानाआड केला. १५१८ मध्ये बुऱ्हाण दौलताबाद-वेरूळकडे फिरायला निघाल्याचं भासवत बाहेर पडला आणि पाथरीच्या तटाला शिड्या लावून किल्ला घेतला.

म्हणजे तट उभा राहणं हीच इथे राजकीय घोषणा होती. पण तट कुणाचा, हे त्याच्या दगडावरून ओळखता येतं का?

दुभंगलेली चर्या, सरळ चर्या

तटाच्या माथ्यावर दातांसारखी जी रांग असते तिला आपण चर्या म्हणतो. तिच्या आडून शिपाई बाण किंवा बंदूक चालवतो, फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, फिरतो. मध्ययुगीन इटलीत तिचे दोन घाट ठळक दिसतात. एक सरळ, चौकोनी माथ्याचा. दुसरा वरून खाच पाडलेला, भिंगरी पक्ष्याच्या शेपटीसारखा. त्या काळी शहराशहरांत दोन तट पडले होते, पोपच्या बाजूचे ग्वेल्फ आणि सम्राटाच्या बाजूचे गिबेलिन. चौकोनी चर्या ग्वेल्फांची, दुभंगलेली गिबेलिनांची, असं इटलीतले वाटाडे आजही सांगतात.

उदाहरण जुळतंही. व्हेरोनाचं देल्ला स्काला घराणं सम्राटाच्या बाजूचं. त्यांनी चौदाव्या शतकाच्या मध्याला बांधलेल्या कास्तेलवेक्क्यो किल्ल्यावर आणि त्याच्या पुलावर शेपटीच्या चर्या ओळीने उभ्या आहेत. पण ग्वेल्फांचा बालेकिल्ला असलेल्या फ्लॉरेन्समध्ये हिशेब चुकतो. १२९९ मध्ये बांधायला घेतलेल्या तिथल्या पलात्सो वेक्क्यो या राजवाड्याच्या कठड्यावर चौकोनी चर्या आहेत आणि त्याच वास्तूच्या मनोऱ्यावर दुभंगलेल्या. आणि मॉस्कोला तर पोपचा पक्षही नव्हता आणि सम्राटाचाही. तरी १४८५ ते १४९५ या काळात उभ्या राहिलेल्या क्रेमलिनच्या विटांच्या तटावर सगळीकडे भिंगरीच्या शेपट्या आहेत. कारण साधं आहे: तो तट बांधायला बोलावलेले स्थपती मिलान आणि उत्तर इटलीतले होते. येताना त्यांनी हातात बसलेला घाट आणला, पक्ष नाही.

गाविलगडाचा गंडभेरुंड

क्रेमलिनचं काम चालू होतं त्याच वर्षांत इकडे वऱ्हाडात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क चिखलदऱ्याजवळचा गाविलगड नव्याने बांधून काढत होता. हा अलाउद्दीनचा बाप. फेरिश्ताच्या म्हणण्यानुसार तोही विजयनगरच्या मुलखात पकडला गेलेला हिंदू मुलगा होता. पाथरीसाठी पुढे भांडलेली ही दोन्ही घराणी अशी एकाच वाटेने आलेली. गाविलगडाच्या दरवाजावर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी आहे, त्याच्या पकडीत हत्ती आहेत. हाच पक्षी विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवरही दिसतो. शिवाय त्या दरवाजावर हत्तींना दाबून धरणारे सिंह आहेत. चंद्रपूरच्या गोंड राजांनी आपल्या परकोटाच्या वेशींवरही हत्तीवर चढलेला सिंह कोरला आहे.

आता हे कुणाचं चिन्ह म्हणायचं? वऱ्हाडचं, विजयनगरचं की गोंडांचं? हत्तीवर मात करणारं जनावर पाहून 'आमच्या ताकदीपुढे हत्तीही खुजा' एवढं सगळ्यांना कळत होतं. म्हणून तर जंजिऱ्याच्या सिद्दीच्या दरवाजावरही हत्ती पकडलेलं श्वापद आहे आणि शिवनेरीच्या वाटेवरही शरभ भेटतो. चिन्ह एका घराण्याच्या मालकीचं नव्हतं. दख्खनच्या पाथरवटांचा तो सामायिक ठेवा होता आणि जो धनी मजुरी देईल त्याच्या दरवाजावर ते चढत होतं.

दरवाजाचा धनी बदलला तरी शिल्प राहिलं, हे गाविलगडावर स्पष्ट दिसतं. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड गिळलं. या नव्या धन्यांनी किल्ल्यावर बुरूज चढवला, त्यावर १५७७ चा लेख कोरला, पण इमादशाही गंडभेरुंडाला छिन्नी लावली नाही. पुढे मोगल आले, नागपूरकर भोसले आले. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून गड घेतला. पक्षी जागचा हलला नाही. त्याच्यावरून गडाचा तेव्हाचा मालक ओळखायला गेलेला माणूस सव्वादोनशे वर्षं फसत राहिला असता. दरवाजा बांधणाऱ्याचं नाव सांगतो, राहणाऱ्याचं नाही. म्हणून किल्ला पाहताना मूळ बांधकाम कुणाचं, दुरुस्ती कुणाची आणि शिलालेखात साल कोणतं, हे आधी विचारावं. प्राण्यांचा अर्थ नंतर लावावा.

पाडलेला तट

विजेत्याला शत्रूची खूण खरोखर पुसायची असेल तर तो चर्येचा घाट बदलत बसत नाही, भिंतच पाडतो. फ्लॉरेन्समध्ये उबेर्ती या गिबेलिन घराण्याचे वाडे जमीनदोस्त झाले. त्यांच्या जागेवर काही बांधायचं नाही म्हणून नगरराजवाडा वाकडा बसवावा लागला, असं तिथला जुना बखरकार विल्लानी सांगतो.

पाथरीतही हेच घडलं. इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाची मदत घेऊन पाथरी परत जिंकली होती. १५२७ च्या सुमारास बुऱ्हाण तोफा घेऊन पुन्हा आला. दोन महिने मारा करून त्याने किल्ला घेतला आणि या वेळी तो पाडून भुईसपाट केला. आपला झेंडा लावून, आपली शिबंदी ठेवून तोच तट वापरता आला असता. पण पहिल्या वेळी तसं केलेलं अंगाशी आलं होतं: आज आपल्यासाठी उभा असलेला तट उद्या शत्रूसाठीही तितक्याच इमानाने उभा राहतो.

मग पाथरी राखायची कशी? फेरिश्ता सांगतो, बुऱ्हाणने तो परगणा आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिला आणि अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. तटाच्या भरवशावर सोडलेली पाथरी दहा वर्षंही टिकली नव्हती. नात्याच्या माणसांना दिलेल्या इनामाने ती दोन-तीन पिढ्या सांभाळली.