गोगलगायींसाठी चुन्याचा पट्टा

2022 च्या खरिपात लातूर व बीड जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली व अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. यासाठी पीक उगवण्यापूर्वीच बांधालगत चुन्याच्या भुकटीचा 4 इंच रुंद, अखंड पट्टा द्यावा. कोरडा चुना गोगलगायीच्या मऊ अंगास दाह करतो व ओलावा शोषतो. पावसाने तो निकामी होतो; म्हणून उघडीप मिळताच पट्टा पुन्हा द्यावा.

शेतात आधीच शिरलेल्या गोगलगायी पट्ट्याने मरत नाहीत. त्यांकरिता सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे जागोजागी पसरावीत. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व मिठाच्या दाट द्रावणात बुडवून माराव्यात. शेजाऱ्यांनी हे काम एकाच वेळी केल्यास उपद्रव लवकर आटोक्यात येतो.