शॉर्ट शिफ्टर घेण्यापूर्वी

आपल्या मंडळातील काही कुटुंबांची मुले परदेशात आहेत. त्यांच्यापैकी एक-दोघांनी जुनी माझदा एमएक्स-५ घेतली असून, शॉर्ट शिफ्टर कोणता बसवावा असे ते विचारतात.

गिअरचा दांडा म्हणजे तरफच. टेकूच्या वरचा भाग आखूड केला किंवा खालचा लांबवला, की हाताची हालचाल कमी होते. मात्र हालचाल पाव भागाने घटली तर जोर एक तृतीयांशाने जास्त लागतो. नुसता वरून आखूड केलेला दांडा स्वस्त पडतो, पण मूठ खाली जाते. टेकूखाली लांबवलेल्या दांड्यात ती जागेवरच राहते. आम्हाला हाच प्रकार बरा वाटतो. धातूच्या बुशांचे किट नेमके चालते, पण गिअरबॉक्सची घरघर थेट आत ऐकू येते. रोज ऑफिसला जाणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

मुळात १९८९ साली आलेल्या या गाडीचा दांडा सरळ गिअरबॉक्सवर बसतो आणि आखूडच आहे. जुन्या गाड्यांत त्याच्या बुडाशी वेगळे तेल असते. रबरी बूट फाटले की ते कमी होते आणि दांडा अडखळतो. आधी तेल, बूट आणि झिजलेले बुश बदलून पाहावे. खर्च थोडाच आहे. दुसरा गिअर आताच कुरकुरत असेल, तर दोष बहुधा सिंक्रोचा असतो, आणि शॉर्ट शिफ्टरने तो लवकर संपतो.